एसी चालू असूनही खोली दमट का राहते? कोल्हापूरच्या पावसाळ्यातील एका त्रासाची उकल

जुलै महिन्यात झड लागली की कोल्हापुरातील बऱ्याच घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. झोपण्याच्या खोलीत एसी २२ अंशांवर चालू असतो, अंगाला गारवाही जाणवतो. पण चादर ओलसर लागते, कपाट उघडले की कुबट वास येतो, ताटात राहिलेला पापड थोड्याच वेळात सादळतो आणि जपून ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर बुरशी धरते. एसीमुळे हवा कोरडी होते असे सगळेच सांगतात, त्यामुळे यंत्रात काहीतरी बिघाड असणार असे वाटून मेकॅनिकला बोलावले जाते. तो जाळी धुतो, गॅस तपासतो आणि सर्व ठीक असल्याचे सांगून जातो. पुष्कळदा त्याचे म्हणणे खरे असते. हा एसी एप्रिलच्या हवेचा विचार करून घेतलेला असतो आणि आता त्याची गाठ जुलैच्या हवेशी पडलेली असते.

या दोन हवांमधला फरक कळण्यासाठी हवा पाणी कशी धरून ठेवते ते आधी पाहावे लागेल. हवेतील पाणी वाफेच्या रूपात असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावेल हे तापमानावर ठरते. २० अंश सेल्सिअसला ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅम असते, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३० ग्रॅम. आर्द्रता ९० टक्के आहे याचा अर्थ असा की, त्या तापमानाला जेवढी वाफ मावू शकते तिच्या ९० टक्के वाफ हवेत आहे. ही टक्केवारी तापमानाच्या संदर्भात काढलेली असते, म्हणून तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. पापड, चामडे, लाकूड, गादीतील कापूस, गुळाची ढेप या वस्तू हवेतून किती पाणी शोषतील हे मुख्यतः या टक्केवारीवर ठरते. घरात ती ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर माणसालाही बरे वाटते आणि वस्तूही टिकतात. ती ७० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. समजा, खोलीतील हवा २८ अंशांची आहे आणि तिची आर्द्रता ६० टक्के आहे, म्हणजे प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १६ ग्रॅम वाफ आहे. ही हवा तिच्यातले पाणी न काढता नुसतीच २२ अंशांपर्यंत गार केली, तर २२ अंशांच्या हवेची मर्यादा १९ ग्रॅमच्या थोडी वर असल्यामुळे तीच १६ ग्रॅम वाफ आता ८४ टक्के ठरते. पाण्याचा एक थेंबही न वाढता खोली अधिक दमट झाली. त्यामुळे एसी हवा किती गार करतो याइतकेच तो तिच्यातून किती पाणी काढतो हेही महत्त्वाचे आहे, आणि ही दोन कामे नेहमी बरोबरीने होतात असे नाही.

पाणी काढण्याची रीत साधी आहे. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा घाम एसीच्या आतील गार कॉइलला फुटतो. कॉइल साधारण ८ ते १४ अंशांच्या दरम्यान गार असते; तिच्यावरून जाणाऱ्या हवेतील वाफ तिथे थेंब होऊन जमते, ते थेंब खालच्या तबकात उतरतात आणि ड्रेन पाइपमधून बाहेर पडतात. मात्र कॉइल गार राहते ती बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत, आणि कॉम्प्रेसरने कधी थांबायचे हे साध्या घरगुती एसीमध्ये तापमानाचा सेन्सर ठरवतो. खोलीने रिमोटवरचा आकडा गाठला की त्या सेन्सरच्या दृष्टीने काम संपले. हवेत अजून किती वाफ शिल्लक आहे हे तो मोजतच नाही. दमटपणाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला याच एका गोष्टीत सापडले आहे.

आता कोल्हापूरचे हवामान यात घालून पाहा. एप्रिलच्या दुपारी इथला पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. त्या उन्हाच्या धास्तीने, विशेषतः वर गच्ची असेल तर, दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठीही दीड टनाचा एसी घेतला जातो. जुलैमध्ये मात्र सह्याद्रीवरून येणाऱ्या ढगांमुळे बाहेरचे तापमान दिवसा २६-२७ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते २२ अंशांपर्यंत उतरते. हवा मात्र वाफेने जवळजवळ भरलेली असते. खोली गार करण्यासारखे फार काही उरलेले नसल्यामुळे दीड टनाचे यंत्र काही मिनिटांतच ठरलेला आकडा गाठते आणि कॉम्प्रेसर थांबतो. कॉइलवर पुरेसे पाणी साचून ते पाइपमधून वाहू लागण्यापूर्वीच हे घडते. मुंबईत पावसाळ्यातही उकाडा असतो, त्यामुळे तिथला एसी सलग चालत राहतो आणि त्या ओघात पाणीही काढतो. एसी लावला की हवा कोरडी होते, हा मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला आपल्याकडे लागू पडत नाही तो यामुळे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी मुळात २४ अंशांवर लावलेले येतात. वीज वाचवण्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, पण कोल्हापुरात पावसाळ्यातील रात्री बाहेरची हवाच त्या आकड्याच्या खाली असते, हे लक्षात ठेवायला हवे.

थांबलेला एसी आणखी एक गोष्ट करतो. जुन्या पद्धतीच्या, एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रात कॉम्प्रेसर बंद झाला तरी आतला पंखा फिरत राहतो, आणि कॉइलवर व तबकात जे पाणी असते ते वाफ होऊन पुन्हा खोलीत येते. कष्टाने काढलेले पाणी असे परत जाते. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर थांबवण्याऐवजी त्याचा वेग कमी करतो, त्यामुळे तो सलग चालतो आणि पाणी काढण्यासाठी ते चांगले असते; परंतु वेग फार कमी झाला की कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि ती हवेच्या दवबिंदूपेक्षा वर गेली तर तिच्यावर थेंब जमणेच बंद होते. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतील वाफेचे दव होऊ लागते ते तापमान. बाहेरची हवा २५ अंशांची आणि ९० टक्के आर्द्र असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो.

कारण काय असावे याची शंका आली की उपायाकडे धाव घेण्याआधी मोजमाप करावे, असा माझा आग्रह आहे. घड्याळाएवढा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. तो एसीच्या झोताखाली न ठेवता पलंगाच्या उशापाशी ठेवावा. स्वस्त मापक चुकतात, म्हणून तो आधी पारखून घ्यावा. एका झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडे पाणी घालावे, मीठ भिजावे पण विरघळू नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवावेत. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले हे आपण रोज पाहतो, आणि ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. घरातील आर्द्रतेकडेही तसेच पाहावे. मी ६० टक्के ही इशाऱ्याची आणि ७० टक्के ही धोक्याची पातळी धरतो.

दुसरे मोजमाप अधिक बोलके आहे आणि त्याला एक बादली पुरते. एसीच्या ड्रेन पाइपखाली रात्रभर बादली ठेवावी आणि सकाळी पाणी मापाने मोजावे. शेजारच्या पंपाचे किंवा पावसाचे पाणी त्यात पडणार नाही याची काळजी घ्यावी. भरपूर पाणी निघूनही खोली दमट असेल, तर एसी त्याचे काम करत आहे आणि पाणी दुसरीकडून येत आहे. पाणी फार थोडे निघाले आणि कॉम्प्रेसरही बहुतेक वेळ थांबलेला होता, तर वर सांगितलेली जुलैची अडचण आहे. पण कॉम्प्रेसर सलग चालत असूनही पाणी निघत नसेल, तेव्हाच यंत्राच्या दोषाकडे वळावे: गॅस गळून कमी झाला असेल, कॉइलवर धुळीचा थर असेल, किंवा जाळी इतकी तुंबली असेल की हवा न फिरल्यामुळे कॉइलवर बर्फ धरत असेल. पाणी बाहेर न जाता भिंतीवरून आत ओघळत असेल तर पाइप तुंबलेला आहे किंवा त्याचा उतार चुकला आहे. आमच्या राजारामपुरीतील खोलीत पहिल्या रात्री बादलीत पेलाभरसुद्धा पाणी नव्हते आणि मापक ७८ टक्के दाखवत होता. बाहेरच्या युनिटचा आवाज ऐकत बसल्यावर उमगले की ते तासातून जेमतेम आठ-दहा मिनिटे चालत होते.

अशा खोलीतून नेमके किती पाणी काढावे लागते, याचा हिशेब मांडला की पुढचा मार्ग दिसतो. दहा बाय बारा फूट आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २४ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर तिच्यात एकूण सुमारे ६०० ग्रॅम वाफ असते. ती ५५ टक्क्यांवर आणायला जेमतेम २०० ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी काढावे लागते. एवढेच पाणी असते तर प्रश्न लगेच सुटला असता. परंतु फटींतून दर तासाला खोलीतील निम्मी हवा बदलत असेल, तर बाहेरची ओली हवा तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास नवे पाणी घेऊन येते, म्हणजे आठ तासांत एक लिटरहून अधिक. झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. शिवाय गादी, पडदे, कपाटातील कपडे आणि लाकूड यांनी आठवडाभर शोषलेले पाणी हवा कोरडी होऊ लागली की बाहेर पडते. म्हणूनच एसी लावून पहिल्या रात्री फरक पडला नाही तर निराश होऊ नये. खोलीला वाळायला काही दिवस लागतात.

घरात पाणी आणणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक वाळत घातलेल्या कपड्यांचा आहे. मशीनमधून पिळून काढलेल्या एका घाण्याच्या सुती कपड्यांतही दोन ते तीन लिटर पाणी उरते, आणि झडीच्या दिवसांत ते कपडे पंख्याखाली, बरेचदा एसीच्याच खोलीत, दोरीवर टाकले जातात. कपडे वाळले याचा अर्थ ते सर्व पाणी खोलीच्या हवेत गेले. ज्यांना शंका वाटते त्यांनी ओले आणि वाळलेले कपडे एकदा काट्यावर तोलून पाहावेत. कपडे वाळवण्यासाठी एकच खोली ठरवावी, तिचे आतले दार बंद ठेवावे आणि खिडकी उघडी ठेवावी किंवा हवा बाहेर फेकणारा एग्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. झोपण्याची खोली त्यासाठी कधीही वापरू नये.

स्वयंपाकघराचा वाटा कमी लेखला जातो. भाताच्या आणि रश्श्याच्या वाफेचा विचार आपण करतो, पण गॅसच्या ज्योतीतूनही पाणी निर्माण होते हे सहसा लक्षात येत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत २२ लिटरहून अधिक पाणी स्वयंपाकघराच्या हवेत गेलेले असते. धुराचा नळ नसलेली चिमणी तेलकटपणा अडवते आणि वाफ जशीच्या तशी परत देते, त्यामुळे भिंतीतून बाहेर नळ काढलेली चिमणी किंवा साधा एग्झॉस्ट पंखा याबाबतीत अधिक उपयोगाचा आहे. उन्हाळ्यातला कूलर पावसाळ्यात बंदच असावा. तो पाणी हवेत सोडूनच काम करतो.

एग्झॉस्ट पंख्याबद्दल एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत येते. झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरातील पंखा रात्रभर चालू ठेवला आणि मधले दार सताड उघडे राहिले, तर तो एसीने कोरडी केलेली हवा ओढून बाहेर टाकतो आणि खिडकीच्या फटींतून बाहेरची दमट हवा खोलीत शिरते. आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटे, दार लोटून, पंखा चालवणे पुरेसे आहे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फटी, दाराखालची मोकळी जागा आणि एसीचे पाइप जिथून बाहेर जातात ते भोक, या तीन जागा उदबत्ती धरून तपासाव्यात. धूर ज्या बाजूने हलतो तिथून हवा येते. खिडकीच्या जुन्या एसीला बाहेरची हवा आत घेण्याची एक छोटी झडप असते, ती उघडी राहिली असेल तर आधी ती बंद करावी.

काही घरांत एवढे सर्व करूनही आकडा खाली येत नाही. तिथे भिंतच पाणी सोडत असते. गच्चीतून झिरपणारे पाणी, पावसाच्या माऱ्याची पश्चिमेकडील भिंत, फुटलेला नळ आणि जोत्यातून वर चढणारी ओल ही त्याची नेहमीची कारणे. ओळखण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतील वाफ गार पृष्ठभागावर जमते आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले, त्यांच्या भिंतींनी शोषलेले पाणी पूर ओसरल्यावरही महिनोनमहिने बाहेर पडत राहते. अशा भिंतीवर घाईने ऑइल पेंट लावला तर ओल आत कोंडते आणि पुढे पोपडे निघतात. रंगकामाला घाई करू नका एवढेच मी कळकळीने सांगेन. भिंतीतील ओलीवर एसी हा उपाय नाही.

ज्यांच्या घरी नुसती जुलैची अडचण आहे, त्यांनी रिमोट कसा वापरावा? खोली चिकट वाटली की आकडा १८ वर आणण्याची सवय बहुतेकांना असते. त्यामुळे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि पाणीही निघते, हे खरे. पण भिंती, फरशी आणि गादीही गार होतात. सकाळी खिडक्या उघडल्या की २३ अंश दवबिंदूची बाहेरची हवा त्या गार पृष्ठभागांना भिडते आणि आरसा, फरशी, कपाटाची काच यांना घाम फुटतो. एसीच्या भिंतीच्या पलीकडची बाजूही यातून सुटत नाही. झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या दिवाणखान्यात, त्याच भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे बुरशी दिसली तर गळतीचा शोध घेण्याआधी पलीकडे एसी किती अंशांवर लावला जातो हे विचारावे.

त्याऐवजी तापमान २५ किंवा २६ वर ठेवावे, एसीचा पंखा कमी वेगावर आणावा आणि छताचा पंखा हळू चालू ठेवावा. कमी वेगाने हवा कॉइलवरून सावकाश जाते, कॉइल अधिक गार राहते आणि त्याच थंडाव्यात जास्त पाणी निघते. ड्राय मोड हेच काम आपोआप करतो आणि खोली २६-२७ अंशांची असेल तर चांगले करतो. खोली आधीच २३ अंशांवर असेल तर मात्र बहुतेक एसींचा ड्राय मोडही फारसा चालत नाही, कारण तोही शेवटी तापमानाच्या सेन्सरच्याच ताब्यात असतो. एसी चालू असताना खिडक्या बंदच हव्यात. एसी बंद असताना त्या कधी उघडाव्यात हे मापकावर ठरवता येते: आत २७ अंश व ८५ टक्के असेल तर घनमीटरमागे जवळजवळ २२ ग्रॅम वाफ आहे, आणि बाहेर २५ अंश व ९० टक्के असेल तर २१ ग्रॅमहून किंचित कमी. अशा वेळी बाहेरच्या ओल्या वाटणाऱ्या हवेनेही घर थोडे कोरडे होते.

ऑगस्टमधील गार, ओल्या रात्रींसाठी योग्य यंत्र डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील पाणी काढणारे यंत्र, हेच आहे. तोही गार कॉइलवर पाणी जमवतो, परंतु यंत्रात निर्माण झालेली उष्णता बाहेर न टाकता खोलीतच सोडतो. त्यामुळे पाणी निघते आणि हवाही अंशा-दोन अंशांनी उबदार होते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता दोन्ही बाजूंनी उतरते. तो आर्द्रता मोजून चालतो आणि थांबतो. खोक्यावर लिहिलेली लिटरची क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेसाठी असते. आपल्या २४ अंशांच्या खोलीत ती बरीच कमी भरते, म्हणून थोडी मोठी क्षमता घ्यावी. उकाड्याच्या मे महिन्यात, वळवाच्या सरीनंतर, हीच उष्णता नकोशी वाटते. तेव्हा एसीच बरा. कपाटासाठी एवढ्या खर्चाची गरज नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या लटकवाव्यात आणि पाणी भरले की बदलाव्यात. कोल्हापुरी चपला वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याच्या असतात, त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. कोरड्या फडक्याने पुसून सुती कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवाव्यात.

आमच्या खोलीत शेवटी तीन बदल केले. एसीचे पाइप बाहेर जातात तिथले भोक पुट्टीने बुजवले, कपड्यांची दोरी मागच्या गॅलरीत नेली आणि दिवाणखान्यातील कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. एसी २६ वर आणि पंखा सर्वात कमी वेगावर ठेवला. आठव्या दिवशी सकाळी बादलीत सव्वा लिटर पाणी होते आणि उशापाशी मापकाचा आकडा ६१ होता.